नऊ तारखेचा बर्फ

१४ डिसेंबर, गुरुवार

खर्चाच्या वहीची मागची पानं कोरी राहिली होती. कोरी पानं माझ्याच्यानं फेकवत नाहीत. शिवाय ही वही घरात माझ्याशिवाय कुणी उघडत नाही, म्हणून मनातलं इथे लिहिलेलं बरं.

आज मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. घट मांडायचा म्हणून सासूबाईंचा तांब्याचा कलश चिंचेनं घासायला सुनेकडे, पूर्णिमाकडे दिला. मी फुलं निवडत होते. अर्ध्या मिनिटात धाडकन आवाज. कलश सिंकमधून थेट फरशीवर. पोटाला लिंबाएवढा पोचा आला. पूर्णिमा उजवा हात काखेत दाबून उभी.

"पाणी फार गार आहे, आई. ह्या बोटात शिरतं. विजेचा झटका बसल्यासारखं होतं."

"डिसेंबरात पाणी गारच असतं. मांजरी गावात आम्ही पहाटे पाटाच्या पाण्यात भांडी घासायचो."

"गीझर लावू का जरा?"

"कलश घासायला गीझर!"

मी तिचं बोट हातात घेऊन निरखून पाहिलं. उजव्या हाताची अनामिका. सूज नाही, जखम नाही, काही नाही. नखाच्या बुडाशी जरासं निळसर होतं, पण ते जुनं नेलपॉलिश नीट निघालं नसेल. मी दाबून पाहायला गेले तर तिनं हात असा हिसडून घेतला, जसा काही मी विस्तवच ठेवला.

मला पोच्याचं वाईट वाटत होतं. हे म्हणाले, "देवी पोचा बघत नाही, नैवेद्य बघते. तो वेळेवर आण."

२२ डिसेंबर, शुक्रवार

अभिनव तिला डॉक्टरांकडे घेऊन गेला होता. बोटाचा फोटो काढला. हाडाला काही नाही. कॅल्शियमच्या गोळ्या दिल्यात. मला वाटलंच होतं.

लग्नाला दोन वर्षं होतील. पोरगी वाईट नाही. आर्वीची, तिकडे वर्ध्याकडची. माणसं साधी. घरी बसून परदेशातल्या कंपनीचं काम करते, रात्री उशिरापर्यंत कॉल असतात, म्हणून दुपारी झोपते. ते मी समजून घेते. पण गार पाणी नको, फ्रिजमधलं दूध काढायला नको, ओली कणीक नको. आणि कॉम्प्युटरवर दिवसभर बोटं चालतात ती कशी? हे एकदा विचारलं तर म्हणाली, "नऊ बोटांनी चालवते, आई. मोजून बघा."

उलट उत्तर द्यायची सवय वाढत चालली आहे.

४ जानेवारी, गुरुवार

शेवटचा गुरुवार, उद्यापन. सोसायटीतल्या सात सवाष्णी बोलावल्या होत्या. पूर्णिमाला हळदीकुंकवाचं तबक दिलं. ती सगळ्यांना मधल्या बोटानं कुंकू लावत गेली! आमच्या घरी अनामिकेनंच लावतात, देवालाही आणि सवाष्णीलाही. तिला पहिल्या दिवशीच सांगितलेलं आहे.

समोरच्या ऋतिकाची सासू काही सोडते थोडंच? "आनंदीबाई, तुमच्याकडे नवीन पद्धत आली वाटतं," म्हणाली आणि केळं सोलायला लागली.

बायका गेल्यावर स्वयंपाकघरात मी बोलले. जरा जास्तच बोलले. म्हटलं, तुला देवाचं करायचं नसेल तर सरळ सांग, सोंगं कशाला? तिनं भांडी पुसता पुसता मान वर केली नाही.

"आई, कुंकू ओलं होतं. गार होतं. देवीला बोटं मोजायची सवय आहे का?"

मी कान धरून देवीची क्षमा मागितली. तिच्या वतीनं.

९ जानेवारी, मंगळवार

लिहू की नको असं दुपारपासून चाललंय.

चार दिवस डोक्यात एकच: ही खोटं बोलते, आणि खोटं उघडं पाडलं की अभिनवचे डोळे उघडतील. मग आज सुचलं, जागेपणी माणूस सोंग आणेल, झोपेत कसं आणेल? दुपारी ती झोपली होती. दार नुसतं लोटलेलं. हे डेअरीच्या पेन्शनच्या कामाला गेले होते. मी फ्रिजमधून बर्फाचा खडा काढला, वाटीत घेतला आणि आत गेले.

तिचा उजवा हात उशीवर उताणा पडला होता. आधी करंगळीला बर्फ लावला. हलली नाही. मग मधल्या बोटाला. नुसती जरा कुशीवर वळल्यासारखी झाली, पण जागी नाही. मग त्या बोटाच्या नखावर टेकवला.

ती जी किंचाळली! तसला आवाज मी फक्त बाळंतपणाच्या वॉर्डात ऐकलाय. हात भिंतीवर आदळला, उठून बसली, हात पोटाशी धरून पुढेमागे झुलत राहिली. डोळे धड उघडलेलेही नव्हते. मी वाटी पदराआड घेतली.

"काय झालं गं? स्वप्न पडलं का?"

हे मी विचारलं. माझ्याच तोंडानं.

मी बाहेर आले. वाटीतला बर्फ सिंकमध्ये टाकला आणि तो विरघळेपर्यंत तिथेच उभी राहिले.

म्हणजे खरं आहे. तिला खरंच दुखतं.

१० जानेवारी, बुधवार

आज पोथी वाचली नाही. अंघोळ झाली, देवापुढे बसले, उठले.

१८ जानेवारी, गुरुवार

दुसऱ्या डॉक्टरांनी नसांची तपासणी केली, तीही चांगली आली. म्हणे, बाहेरून काही दिसत नाही, तपासण्या बरोबर आहेत, ताण असेल, मनाच्या डॉक्टरांना एकदा दाखवा. अभिनवनं येऊन हे सांगितलं तेव्हा मी कोथिंबीर निवडत होते.

पूर्णिमा म्हणाली, "म्हणजे मी वेडी."

"कुणी वेडी म्हटलं का? स्ट्रेस म्हणाले ते. दोन दोन डॉक्टर चुकीचे आणि तूच बरोबर, असं असतं का?"

"बोट माझं आहे, अभिनव."

"रिपोर्ट नॉर्मल आहेत, पूर्णिमा! मी कुणावर विश्वास ठेवू?" मग तो माझ्याकडे वळला. "आई, तू दिवसभर घरात असतेस. तुझ्या डोळ्यासमोर असते ही. तुला काय वाटतं? खरं सांग."

पूर्णिमापण माझ्याकडे बघत होती. नुसती बघत होती, रागानंही नाही.

मला फक्त एवढंच म्हणायचं होतं: झोपेत दुखतं तिला. मी पाहिलंय. मग पुढचा प्रश्न आला असता, कसं पाहिलंस?

मी म्हटलं, "मला काय कळतं त्यातलं? मी मॅट्रिक."

लोकांनी मला अडाणी समजू नये म्हणून मी आयुष्यभर हिशेब, पोथ्या, पेपर सगळं नेटानं करत आले. आज त्याच अडाणीपणामागे जाऊन लपले. कोथिंबिरीच्या काड्या फेकल्या आणि पानं पण फेकली. नंतर कचऱ्यातून काढावी लागली.

२७ जानेवारी, शनिवार

विहीणबाई आर्वीहून आल्यात. पूर्णिमाला थोडे दिवस घेऊन जाणार. अभिनव "जाऊ दे, बदल होईल" म्हणाला, आणि ज्या आवाजात म्हणाला तो मला आवडला नाही. सहा महिन्यांपूर्वी ती दोन दिवस गेली होती तर रोज तीनदा फोन करायचा.

निघताना विहीणबाईंनी माझा हात धरला. "माही पोरगी खोटारडी नाही हो, विहीणबाई. लहानपणी इंचू चावला तरी रडली नव्हती थे. तुमाले तरी पटते ना?"

मी त्यांची ओटी भरली. नारळ, तांदूळ, खण. तांदूळ ओटीबाहेर सांडले. त्यांना वाटलं, सून चालली म्हणून मला भरून आलंय. "देवमाणूस हाये तुमी," म्हणाल्या.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

उपास केला. हे जेवताना कॅलेंडरकडे बघून म्हणाले, "आज काय आहे? इथे तर फक्त दुधाचा खाडा लिहिलाय."

दुपारी फ्रिजमधून बर्फ काढला आणि माझी अनामिका त्यात धरून बसले. घड्याळ लावून दहा मिनिटं. आधी टोचलं, मग बधिर झालं, मग काहीच नाही. तिच्या वाटणीचं थोडंसं तरी माझ्याकडे येईल असं वाटलं होतं. तेही मला मिळालं नाही.

११ फेब्रुवारी, रविवार

सांगितलं. ह्यांना. चहा देताना. सगळं नाही सांगता आलं, पण बर्फाचं सांगितलं, आणि अभिनवनं विचारलं तेव्हा गप्प बसल्याचं सांगितलं.

हे पेपर घडी घालत राहिले. चार घड्या घातल्या, उलगडल्या, परत घातल्या. मला वाटलं, ओरडतील. चाळीस वर्षांत ओरडले नाहीत, पण आज ओरडायला हवे होते.

"हे मला कशाला सांगतेस?" म्हणाले. "मी डॉक्टर नाही. आणि मी पूर्णिमाही नाही."

मग पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "आमच्या डेअरीतल्या भैरूचा हात मशीनमध्ये गेला होता. नारायण पेठेत एक बाई आहेत, फक्त हाताच्या डॉक्टर. त्याची बोटं त्यांनी हलती केली. पूर्णिमाला त्यांच्याकडे घेऊन जा."

मीच पूर्णिमाला फोन लावला. नारायण पेठेतल्या बाईंचं सांगितलं.

"कशाला, आई? अजून एकीकडून वेडी म्हणवून घ्यायला?"

"मी येते बरोबर."

"तुम्ही?"

"मला डॉक्टरांना काही सांगायचंय."

मग म्हणाली, "येते."

१७ फेब्रुवारी, शनिवार

सगळं नीट लिहून ठेवते.

पूर्णिमा परवाच आर्वीहून आली. आज आम्ही दोघी कात्रजहून बसनं निघालो. अभिनव ऑफिसच्या बाजूनं परस्पर येणार होता. बसमध्ये पूर्णिमा खिडकीशी, बोटाला लोकरीचं बोंडलं. स्वतःच विणून घेतलंय आर्वीला. मी वाटभर मनात वाक्यं जुळवत होते. "डॉक्टर, मी तिला झोपेत बर्फ लावून पाहिला." "डॉक्टर, झोपेत नाटक होत नाही." आधी करंगळीचं सांगायचं की नाही, हेही ठरवत होते.

दवाखान्याच्या दारावर पाटी: 'आपला नंबर कधी येईल असे विचारू नये. आम्हालाही माहीत नसते.' अभिनव वाचून हसला. पूर्णिमा हसली नाही.

डॉक्टर प्रियदर्शनी म्हणून आहेत, पस्तिशीच्या असतील. जुने फोटो, रिपोर्ट काही बघितलेच नाहीत. "ते नंतर. बोट दाखव." नखावर उजेड पाडला. "हा निळा डाग कधीपासून?"

निळा डाग.

मग एक टाचणी घेतली, तिची बोंडाची बाजू नखावर एकेका जागी टेकवत गेल्या. इथे? नाही. इथे? नाही. इथे... आणि पूर्णिमा ओरडली. ओळखीचा आवाज. डॉक्टरांनी लगेच हात सोडला, "सॉरी गं, सॉरी, एकदाच करायचं होतं." नंतर दंडाला बीपीचा पट्टा बांधून फुगवला आणि परत त्याच जागी बोंड टेकवलं. पूर्णिमा चकित होऊन बघत राहिली. दुखलं नाही. पट्टा सोडला, रक्त खाली आलं, तशी कळ परत आली.

"ग्लोमस ट्यूमर," डॉक्टर म्हणाल्या. ट्यूमर ऐकून मी खुर्चीवरून उठलेच. "काकू, बसा. कॅन्सर नाही. साधी गाठ आहे, कुठे पसरत नाही. बोटांच्या टोकाशी बारीक रक्तवाहिन्यांची छोटी गाठोडी असतात सगळ्यांच्या, थंडी-ऊब सांभाळायला. तिच्या बोटातलं एक वाढलंय. म्हणून गार लागलं की जीव जातो. दुर्मिळ असते आणि एवढीशी असते, साध्या एक्सरेत सापडत नाही. बायकांना सात सात वर्षं कुणी खरं मानत नाही." एमआरआय करून घ्या म्हणाल्या, मग नख उचलून गाठ काढायची, त्याच दिवशी घरी.

पाच मिनिटांत झालं सगळं. एक टाचणी आणि एक पट्टा. माझ्या साक्षीची कुणाला गरज उरली नाही.

आणि मला हायसं वाटलं. ते मला इथे लिहायलाच हवं. मला वाटलं, सुटले, आता सांगायला नको.

बाहेरच्या बाकावर अभिनव बायकोपुढे उकिडवा बसला. भर पॅसेजमध्ये. "चुकलो. मी विश्वास ठेवला नाही तुझ्यावर. सॉरी."

"तू एकटाच नाहीस," पूर्णिमा म्हणाली. "घरात कुणीच ठेवला नाही."

माझ्या तोंडून निघून गेलं, "मी ठेवला होता. नऊ तारखेपासून."

अभिनवनं वर बघितलं. "म्हणजे?"

सांगितलं. वाटी, करंगळी, मधलं बोट, पदर, स्वप्न पडलं का. बसमध्ये जुळवलेलं एकही वाक्य आलं नाही. आजूबाजूला पाच-सात माणसं बसली होती, कुणाचे हात प्लास्टरमध्ये, सगळी ऐकत होती. अभिनवचा चेहरा मी बघितला नाही. तो उठून जिन्याकडे गेला.

पूर्णिमा बोटाला बोंडलं चढवत होती. एकेक टाका सारखा करत.

"उशी ओली होती," म्हणाली. "मला तेव्हाच कळलं होतं."

"मग त्या दिवशी अभिनवनं मला विचारलं, तेव्हा तू का नाही..."

"तुम्हाला विचारलं होतं त्यानं. म्हटलं, बघू, काय सांगताय."

बसमध्ये जागा होती, पण ती उभी राहिली.

२६ फेब्रुवारी, सोमवार

ऑपरेशन झालं. बोट बधिर करून नख उचललं, गाठ काढली. डॉक्टरांनी बाटलीतून दाखवली. मसुराच्या डाळीएवढी, जरा गुलाबी. तपासणीला पाठवतात, पण काळजी नाही म्हणाल्या.

मी रोज चष्मा लावून डाळ निवडते. एक खडा सुटत नाही माझ्या हातून, सगळी सोसायटी म्हणते.

अभिनव घरी माझ्याशी कामापुरतं बोलतो. "मीठ दे." "लाइट बिल भरलं." हे म्हणतात, "बोलेल. तू गप्प राहायला सहा आठवडे घेतलेस, त्यालाही घेऊ दे."

देवापुढे बसते, पण मागणं काही सुचत नाही. कुठल्या तोंडानं मागू? त्या दिवशी तिच्या वतीनं मी देवीची क्षमा मागितली होती!

११ मार्च, सोमवार

पट्टी निघाली. रिपोर्ट चांगला. पूर्णिमा दुपारी झोपायला जाते तेव्हा आतून कडी लावते. पूर्वी नुसतं दार लोटायची. कडी जरा घट्ट आहे, ओढून लावावी लागते, स्वयंपाकघरापर्यंत आवाज येतो. मी त्या वेळेला भांडी घासायला घेते. तरी येतो.

९ एप्रिल, मंगळवार

पाडवा.

सकाळी गुढीसाठी कलश काढला. घासायला मी बसणार तर पूर्णिमानं माझ्या हातून घेतला. "द्या इकडे." मी गीझरचं बटण लावायला गेले.

"नको. गारच."

नळ सोडला. आधी कलश घासला चिंचेनं, लखलखीत केला, बाजूला ठेवला. मग नुसता हात धरला धारेखाली. बोटाला नवं नख कोवळं येतंय, अर्धंसुद्धा आलं नाही अजून. डोळे मिटून उभी होती. पाणी वाहत होतं, चांगलं बादलीभर वाहिलं असेल. एरवी मी कुणाला दात घासतानासुद्धा नळ चालू ठेवू देत नाही. आज मी नळाकडे गेले नाही.

डोळे उघडून तिनं माझ्याकडे पाहिलं. "बर्फ आणू का, आई? खात्री करून घ्यायला?"

मी मान खाली घातली. ती म्हणाली, "कुंकू कुठाय? हात ओला आहे तोवर कालवून घेते." आणि कलशाला अनामिकेनं पाच बोटं ओढली. पाचव्या बोटाला जरा थबकली, तिथे पोचा होता. त्याच्यावरूनच ओढलं.

गुढी उभी करताना अभिनव म्हणाला, "पोचा भिंतीकडे करू का? रस्त्यावरून दिसेल." एवढं मोठं वाक्य महिन्याभरात बोलला नव्हता.

मी म्हटलं, "राहू दे तसाच."

दिसलाच. समोरच्या गॅलरीतून ऋतिकाच्या सासूनं विचारलं, "अगं बाई, चांगल्या कलशाला पोचा कसला? सुनेनं पाडला वाटतं?"

"नाही," मी म्हटलं. "माझ्यामुळे पडला."

जेवणं झाली. श्रीखंड उरलं, वाटीत काढून फ्रिजमध्ये ठेवलं. पूर्णिमा झोपायला गेली. आत कडी ओढल्याचा आवाज आला.

अभिनव हळूच म्हणाला, "अजून लावते."

म्हटलं, "लावू दे."